घणसोलीत राहून कृषी खात्यात फाइल

'कुठं निघालीस?' ह्यांनी विचारलं.

'ठाण्याला. कृषी ऑफिसला.'

'शेत कुठंय आपलं?'

माथाडी माणसाची थट्टा ही अशीच असते, गोणी टाकल्यासारखी धप्पकन. मी घणसोली स्टेशनवर ठाण्याची गाडी पकडली आणि रबाळे, ऐरोली, दिघा जाईपर्यंत मांडीवरच्या फाइलकडे बघत बसले. शेत नाही हे खरंच. आहे ती चौथ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा आणि खिडकीतली तुळस. तरीही माझं काम कृषी खात्यातच होतं, आणि हे कळायला मला अडीच महिने लागले होते. हे लिहितेय ते त्या अडीच महिन्यांसाठी. गेल्या काही दिवसांत चार जणींनी फोन करून विचारलं, 'तुला अनुदान मिळालं ना, कुठली योजना गं?' एका वाक्यात सांगण्यासारखं ते नाही.

थोडं मागचं. हे तुर्भ्याच्या मसाला मार्केटला माथाडी, बावीस वर्षं झाली. पाठ आता बोलते. मी बी.कॉम., एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघायचे. २०२१ मध्ये ते ऑफिस बंद पडलं आणि मी घरी भाजणी करायला लागले. आमचं गाव साताऱ्याकडचं, त्यामुळे थालीपिठाची भाजणी आणि कांदा-लसूण चटणी या दोन गोष्टी मला कुणी शिकवाव्या लागल्या नाहीत. अन्न परवान्याची साधी नोंदणी तेव्हा वर्षाला १०० रुपयांत झाली. माल चांगला खपायचा, पण दळणासाठी मी दुसऱ्याच्या गिरणीवर अवलंबून. चटणीनंतर भाजणी दळली की भाजणीला तिखटाचा वास. गिऱ्हाईक एकदा सांगतं, दुसऱ्यांदा सांगत नाही, दुसरीकडे जातं. दळायला स्वतःचा पल्व्हरायझर हवा, भाजायला रोस्टर हवा, हे तेव्हाच ठरलं.

जून २०२४ मध्ये मी शोधायला बसले. इथे पहिली चूक. मी फोनवर 'महिलांसाठी अनुदान योजना' असं टाकलं आणि पुढचे आठ दिवस व्हिडिओ बघण्यात घालवले. प्रत्येक व्हिडिओत एक माणूस हात हलवून सांगतो की ३५ टक्के माफ, आजच अर्ज करा, लिंक खाली आहे. एका लिंकवर मी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, केली आणि १,४९९ रुपये भरले. नंतर कळलं की उद्यम नोंदणी २०२० पासून सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. मी भरले ते कुणाच्या तरी दुकानात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' नसेल तर पुढे जायचं नाही, हा धडा मला १,४९९ ला पडला.

मग मुलीने सुचवलं, 'आई, जीआर वाच ना.' शासन निर्णयांचं महाराष्ट्र सरकारचं स्वतःचं संकेतस्थळ आहे, तिथे विभाग निवडता येतो, तारीख टाकता येते, आणि सगळं मराठीत. मी उत्साहाने 'अनुदान' शब्द टाकला. झालं! शाळांचं वेतन अनुदान, ग्रंथालयांचं अनुदान, कुठल्या कुठल्या अनुदानाचे ढीग. 'अनुदान' या शब्दाने शोधणं म्हणजे दाणा बंदरात जाऊन 'धान्य द्या' म्हणणं. विभाग माहीत असावा लागतो. उद्योगाच्या योजना उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभागात. आणि खाद्यपदार्थ प्रक्रियेची एक मोठी योजना, केंद्राची पण राबवायची राज्याने, ती मात्र कृषी विभागात. मी पीठ दळणार म्हणजे शेतमालावर प्रक्रिया करणार, म्हणून कृषी. एकदा लक्षात आलं की किती सरळ आहे! पण आधी कोण सांगणार?

जीआर वाचायची एक रीत असते. सुरुवातीला 'वाचा' असं लिहून जुन्या निर्णयांचे क्रमांक आणि तारखा देतात. मी आधी ते सोडून द्यायचे. चूक. मूळ योजना तिथल्या सगळ्यात जुन्या क्रमांकात असते आणि तुमच्या हातातला कागद बहुतेक वेळा तिच्यातल्या एखाद-दुसऱ्या कलमाची दुरुस्ती असतो. मग प्रस्तावना, ती एकदा वाचायची. मग 'शासन निर्णय', तिथे पेन्सिल घेऊन बसायचं. शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने, आणि खाली प्रती कुणाकुणाला पाठवल्या त्यांची यादी. ही यादीही वाचावी. आपलं काम कुठल्या कचेरीत आहे ते तिथे फुकट कळतं.

आणखी एक, जे मला कुठल्याच व्हिडिओत सापडलं नाही. 'निधी वितरीत करण्याबाबत' असे कंटाळवाणे जीआर निघतात, दोन-तीन पानांचे, लेखाशीर्षाचे आकडे असलेले. ते बघून योजनेची नाडी कळते. योजनेचा मूळ निर्णय कितीही देखणा असो, गेल्या वर्षभरात तिच्या नावाने निधी वितरीत झालेला दिसत नसेल तर मी तिच्यामागे धावणार नाही.

तर माझ्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली सगळे सांगत होते ती. 'माथाडीची बायको तू, अण्णासाहेब पाटलांच्या महामंडळातून घे.' अण्णासाहेब म्हणजे माथाडींचं दैवत, आमच्या घरात त्यांचा फोटो आहे. त्यांच्या नावाचं आर्थिक मागास विकास महामंडळ १९९८ पासून आहे आणि त्याची व्याज परतावा योजना मराठा समाजातल्या उमेदवारांना उपयोगी पडते. बँकेचं कर्ज घ्यायचं, हप्ते वेळेवर भरायचे, भरलेलं व्याज महामंडळ मर्यादेपर्यंत परत देतं. चांगलीच आहे. पण परत मिळतं ते व्याज, मुद्दल नाही.

दुसरी, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, २०१९ ची, जिल्हा उद्योग केंद्रामार्फत चालते. शेजारच्या वहिनींनी छातीठोक सांगितलं, 'पंचेचाळीस झाली की बाद. तू सेहेचाळीस.' मी मूळ कागद काढला. तेव्हा वयाची अट ४५, पण विशेष प्रवर्गाला पाच वर्षांची सवलत, आणि त्या प्रवर्गात अनुसूचित जाती-जमातींबरोबर महिलाही. म्हणजे माझ्याकडे अजून चार वर्षं होती. वहिनींच्या सांगण्यावर घरी बसले असते. त्यात महिलेला शहरी भागात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के, स्वतःचा वाटा ५ टक्के. पण उद्योग नवा पाहिजे. माझी तर २०२१ पासूनची नोंदणी.

तिसरी, पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, जून २०२० मध्ये सुरू झालेली, मुळात पाच वर्षांची. चालू उद्योगालाही मिळत होती, शहर असो की गाव ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, स्वतःचा वाटा किमान १० टक्के, घरटी एकालाच. माझं पीठ याच डब्यात बसत होतं.

हिशेबाला बसले. मशीन, वायरिंग, थ्री-फेज जोडणी, थोडं फरशीकाम धरून ६,४०,००० रुपये. माझे १० टक्के म्हणजे ६४,०००. कर्ज ५,७६,०००. अनुदान ३५ टक्क्यांनी २,२४,०००. दुसऱ्या बाजूला, एवढ्या कर्जावर ११ टक्क्यांनी पाच वर्षांचं व्याज होतं पावणेदोन लाखांच्या आसपास. म्हणजे व्याज परताव्यात सगळं मिळालं तरी पावणेदोन, इथे सव्वादोन. तुमचे आकडे वेगळे असतील तर उत्तरही वेगळं येईल. मुदत लांब असली की व्याज परतावा बाजी मारू शकतो. कागदावर मांडून बघा. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी दुसऱ्यांच्या डिझेलचे एवढे हिशेब केले, स्वतःचा हा पहिलाच.

दरम्यान कागदपत्रं. याच्यावर वेगळी पोस्ट होईल, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझं आधार सासरच्या नावाने, पॅन माहेरच्या. पोर्टल म्हणालं, ही बाई ती बाई नाही. पॅन बदलायला लग्नाचा दाखला लागेल म्हणाले. आमचं लग्न २००१ चं, नोंदणी कुणी केली होती? म्हटलं आता करू. त्या अर्जावर लग्न लावणाऱ्या पुरोहितांची सही हवी, आणि आमचे भटजी जाऊन नऊ वर्षं झाली. हे म्हणाले, 'पुन्हा लग्न करायचं का?' शेवटी राजपत्रात नाव बदलून घेतलं. सरकारी राजपत्रात माझं नाव छापून आलं तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ते पान देव्हाऱ्यापाशी ठेवलं.

अधिवास दाखल्यासाठी मी सेतू केंद्रात गेले तो जुलै २०२४. लाडकी बहीणचा जीआर २८ जूनला निघालेला. बायकांची रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत. सगळ्यांना अधिवास दाखला हवा. थोड्याच दिवसांत अट सैल झाली, १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्रही चालेल म्हणाले, आणि रांग निम्मी झाली. त्या रांगेत मी माझ्या भाजणीची सात पाकिटं विकली. गंमत म्हणजे मी तो दाखला उद्योग केंद्राच्या योजनेसाठी काढत होते, जी मी पुढे घेतलीच नाही.

तिथेच बाहेर एक जण भेटला. 'ताई, फाइल पास करून देतो, अनुदानाच्या दहा टक्के.' म्हणजे माझे २२,४०० रुपये. पाच हजार आगाऊ मागत होता आणि मी जवळजवळ दिले होते. नंतर कृषी कार्यालयात कळलं की अन्न प्रक्रियेच्या या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवाल बनवायचा, ऑनलाइन अर्ज भरायचा, बँकेशी बोलायचं, हे सगळं त्यांचं काम, आणि त्यांचा मोबदला सरकार देतं, आपण नाही. मला भेटले ते दादा तिशीतले होते. माझी वही बघून म्हणाले, 'ताई, तुमचा ब्रेक-इव्हन तुम्हीच काढलाय, मी फक्त टाइप करतो.' ब्रेक-इव्हन म्हणजे किती विकलं की खर्च भरून निघतो तो आकडा. इतकं बरं वाटलं.

जागेचं मात्र दुखणं झालं. घणसोली गावठाणात स्वस्त गाळा मिळत होता, घराजवळ, मालकही ओळखीचे. पण इमारतीला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नाही, करारनामा नोटरीवर करू म्हणाले. बँक नोटरी करार बघतसुद्धा नाही, रजिस्टर्डच लागतो. नवी मुंबईतल्या गावठाणांचं हे जुनं त्रांगडं आहे, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं आणि कागद अर्धे. मालकांचा दोष नाही, पण माझी फाइल त्याच्यासाठी थांबणार नव्हती. शेवटी रबाळे एमआयडीसीत छोटा गाळा घेतला. मालकाकडे पोटभाड्याची एमआयडीसीची परवानगी होती, करार रजिस्टर झाला. भाडं दीडपट. ते आकडे पुन्हा मांडले.

आणि दुसरी चूक. ऑगस्टमध्ये एका प्रदर्शनात पाकीट सील करायचं मशीन १८,५०० ला मिळालं, घेऊन टाकलं. कर्ज मंजूर होण्याआधीचं बिल, ते प्रकल्पखर्चात धरलं नाही. १८,५०० चे ३५ टक्के, म्हणजे जवळजवळ साडेसहा हजार पाण्यात. आधी मंजुरी, मग खरेदी, यात अपवाद नाही.

सप्टेंबरमध्ये अर्ज गेला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती तो बघते आणि बँकेकडे पाठवते. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. नोव्हेंबरच्या निकालापर्यंत कुठेही विचारलं तरी एकच उत्तर, 'आचारसंहिता आहे.' डिसेंबरात समितीची शिफारस झाली. मी पेढे वाटले. वेडी! शिफारस म्हणजे मंजुरी नव्हे. खरं दार बँकेचं.

बँकेचं नाव लिहीत नाही. जानेवारीत फाइल गेली, फेब्रुवारीत साहेबांची बदली, नवीन साहेब म्हणाले, 'फ्लॅटचे पेपर ठेवा.' फ्लॅट माथाडींच्या सोसायटीतला, ह्यांच्या नावावर, पाठ मोडून घेतलेला. तो मी ठेवणार नव्हते. रिझर्व्ह बँकेने २०१० पासूनच सूक्ष्म व लघु उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घेऊ नये असं बँकांना बजावलं होतं. मी त्याची छापील प्रत नेली. साहेबांनी ती वाचली, घडी घातली आणि म्हणाले, 'बघू, मार्च एण्ड होऊ द्या.' मार्च संपला. मग एप्रिल सुरू झाला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी माहितीचा अधिकार वापरला. सरकारी बँक केंद्राच्या अखत्यारीत, म्हणून दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून बँकेच्या माहिती अधिकाऱ्याला अर्ज. भांडण काही नाही, चारच प्रश्न. माझा अर्ज शाखेत कुठल्या तारखेला आला, आज कुणाच्या टेबलावर आहे, तो किती दिवसांत निकाली काढायचा नियम आहे, आणि तारण कुठल्या नियमाखाली मागितलं. उत्तराची मुदत ३० दिवस. एकोणिसाव्या दिवशी शाखेतून फोन आला, 'मॅडम, सही करायला या.' त्या दिवशी पहिल्यांदा मला 'मॅडम' म्हणाले. फ्लॅटचा विषयच निघाला नाही.

मावसबहिणीचं सांगायचं राहिलं. माई खारघरला. माझं बघून तीही उठली आणि नाचणीच्या बिस्किटांची फाइल घेऊन थेट ठाण्याला माझ्याबरोबर आली. खिडकीवरच्या बाईंनी पत्ता बघितला, 'तुम्ही रायगडच्या.' माई चिडली, 'मी नवी मुंबईत राहते!' नवी मुंबई नावाचा जिल्हाच नाही हो. ऐरोली-घणसोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा, त्यापुढे खारघर-कामोठे-पनवेल रायगड, आणि रायगडचं ठिकाण अलिबाग. माईच्या घरापासून कोकण विभागाचं मोठं कोकण भवन अर्ध्या तासावर बेलापूरला उभं आहे, त्याचा तिला काही उपयोग नाही. तिला अलिबागची एसटी. आता तिची फाइल तिकडे आहे आणि ती दर फेरीला समुद्रावर जाऊन येते, त्यामुळे तक्रार कमी झाली आहे.

जुलै २०२५ मध्ये मशीन बसलं. पहिला घाणा भाजणीचा काढला, चटणीचा नाही, मुद्दामच.

राहता राहिलं अनुदान. ज्यांना वाटतं की सव्वादोन लाख माझ्या हातात आले, त्यांच्यासाठी. ते बँकेत माझ्या नावाने एका वेगळ्या खात्यात येऊन पडतात, मिरर खातं म्हणतात त्याला. कर्ज नियमित फिटत असेल आणि उद्योग चालू असेल, तर कर्जाच्या रकमेचा शेवटचा टप्पा बँकेकडून उचलल्यापासून तीन वर्षांनी ते कर्जातून वजा होतात. मधल्या काळात तेवढ्या रकमेवर बँकेने व्याज लावायचं नाही, हे मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. स्टेटमेंट काढून तपासत राहा, मी दर तिमाहीला तपासते. पण हातात येत नाही एक रुपयाही. म्हणून पहिल्या दिवसाचा हिशेब मी अनुदान शून्य धरून केला होता. हप्ता, भाडं, वीज, मिरची, आणि त्यातून उरतं का? उरत होतं, थोडं. नसतं उरलं तर मी अर्ज केलाच नसता, ३५ टक्के असोत नाहीतर ५०.

परवा आत्याबाई गावाहून आल्या. चहा घेताना विचारलं, 'सरकारचं पैसं आलं का गं?'

म्हटलं, 'आलेत. बँकेत आहेत. बघायचे, पण हात लावायचा नाही. २०२८ पर्यंत.'

'कुठल्या खात्यात?'

'मिरर. आरशाचं.'

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, 'आरशातलं व्हय. मग भाजणीच दळ.'

उद्या सकाळी सहाला हे मिरची घेऊन येणार आहेत, ब्याडगी आणि लवंगी, दोन्ही. गाळ्याची किल्ली शोधायची आहे.